शिसं म्हणायचं नाही

रामलिंग पांचाळाच्या दुकानात एका शब्दाला बंदी होती. शिव्या चालायच्या, सरकारला नावं ठेवलेली चालायची, गिऱ्हाइकानं गिऱ्हाइकाचा बाप काढला तरी कुणी मनावर घ्यायचं नाही. पण शिसं म्हणायचं नाही. भट्टीवरच्या कढईत जे काही पांढरं वितळत असेल, त्याला कथील म्हणायचं.

उदगीरच्या स्टेशनच्या रस्त्याला हे दुकान. जुन्या इंजिनांची बेअरिंगं ओतून देणारा आसपासच्या तीन-चार तालुक्यांत हा एकच माणूस उरला होता. नव्या इंजिनांची बेअरिंगं तयार मिळतात, पुडक्यातून काढली की बसवली. पण डाळमिलची, तेलघाण्याची, खडी फोडायच्या मशीनची जी म्हातारी इंजिनं अजून धापा टाकत चालतात, त्यांना रामलिंगशिवाय वाली नव्हता.

हे काम तो नांदेडला गफूर उस्तादांच्या हाताखाली शिकला होता. उस्ताद सांगायचे, "क्रँक बादशा, बेअरिंग नौकर. नौकर मरे तो मरने देना, बादशा को खरोंच नै आना." क्रँक म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, पोलादाचा, घडीव, कडक. इंजिनाची सगळी ताकद तोच फिरवतो. तो ज्या बेअरिंगमध्ये फिरतो त्याच्या आतल्या अंगाला मात्र मऊ धातूचं अस्तर लागतं. तेलातून खडा आला, कचरा आला, तर अस्तर तो आपल्या अंगात रुतवून घेतं आणि क्रँक वाचतो. झिजायचं ते अस्तरानं. पुन्हा ओतलं की इंजिन पुन्हा चालू. अस्सल अस्तर म्हणजे दहातले नऊ हिस्से कथील, उरलेल्या एकात तांबं आणि अँटिमनी नावाचा धातू.

पुढं कथील सोन्याच्या पंगतीला जाऊन बसलं. शिसं मात्र मोडक्या बॅटऱ्यांतून पाहिजे तेवढं मिळत होतं. हळू चालणाऱ्या इंजिनाला शिशाचं अस्तरही चालतं, चार-पाच वर्षं सुखानं चालतं. त्यात फसवणूक काही नाही. फसवणूक होती ती न सांगण्यात. शिसं म्हटलं की गिऱ्हाइकाचं तोंड उतरायचं, म्हणून रामलिंगनं तो शब्दच दुकानातून काढून टाकला. एक नंबरचं कथील आणि दोन नंबरचं कथील, एवढीच भाषा उरली. मग दोन नंबरवालं लावून एक नंबर सांगायला कितीसा वेळ लागतो? झाकली मूठ सव्वा लाखाची. पंचवीस वर्षांत त्याच्या स्वतःच्या घरात तो शब्द कुणी ऐकला नव्हता. बायकोला, मुलाला, सुनेला विचारा, रामलिंग कथलाचं काम करतो.

मागच्या दिवाळीला त्याच्या बायकोनं, पार्वतीबाईनं, आपल्या आईची पितळी भांडी माळ्यावरून खाली काढली. कारण झाली सून शिवकन्या. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, भांड्यातलं अन्न वाईट, पितळेतलं चांगलं, असं तिनं मोबाइलवर पाहिलं होतं. सासूला ते आयतंच हवं होतं. सासू-सुनेचं एकमत झालं की घरातल्या पुरुषानं मुकाट कामाला लागावं. पण पितळेला आतून कल्हई नसेल तर ताक कळकतं, आमटी कळकते. आणि कल्हईवाला तर गल्लीत येईनासा होऊन दहा वर्षं झाली होती.

"कल्हईवाला कशाला पाहिजे?" पार्वतीबाई म्हणाली. "तुमच्याकडं कथील हाय की."

"हाय की," रामलिंग म्हणाला.

आणि होतंच. दुकानात वरच्या फळीवर एक वेगळा डबा होता. डाळमिलवाल्या साहेबरावांचं निजामाच्या काळातलं इंजिन भंगारात निघालं तेव्हा त्याची मोठाली बेअरिंगं रामलिंगनं मागून घेतली होती. त्यांचं अस्तर वितळवून पट्ट्या पाडल्या आणि डब्यात जपून ठेवल्या. जुन्या जमान्याचा माल, एक नंबर. उस्तादांच्या घरचीही कल्हई अशाच उरलेल्या मालातून व्हायची. त्यानं अंगणात भट्टी मांडली, भांडी तापवली, नवसागर टाकला आणि कापसाच्या बोळ्यानं पट्टी फिरवली. पातेलं, कळशी, चार वाट्या आणि एक लहान तपेली आतून चांदीसारखी निघाली. तपेली अक्षरासाठी, असं शिवकन्येनं तिथंच ठरवून टाकलं. अक्षरा म्हणजे रामलिंगचा मुलगा संगमेश्वर याची एकुलती एक लेक, सहा वर्षांची, कढी आणि ताकावर जीव असलेली. तिचं ताक तपेलीत रात्रभर राहायचं आणि सकाळी छान आंबट व्हायचं.

संक्रांतीनंतर पोरीचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. मग ती पांढरी पडली, तेव्हा रक्तवाढीचं दिलं. पार्वतीबाईनं मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. पोर चिडचिडी झाली, जेवणावरून उठायला लागली. मार्चमध्ये शाळेच्या बाईंनी शिवकन्येला बोलावून घेतलं. बालवाडीत पाटीभर लिहिणारी मुलगी आता 'ग' काढायला सांगितला की बाईंच्या तोंडाकडं पाहत बसते, म्हणाल्या. नाव अक्षरा आणि अक्षरं विसरली, असं वर्गातली पोरं हसायची. शिवकन्या घरी येऊन न्हाणीत रडली.

एप्रिलमध्ये एका सकाळी पोरीला झटका आला. दातखीळ बसली, डोळे फिरले. साहेबरावांनी आपली गाडी काढली आणि स्वतः चालवत सगळ्यांना लातूरला नेलं.

तिथल्या डॉक्टर मंजुश्री वयानं लहान, पण खमक्या होत्या. त्यांनी पोरीच्या हिरड्या पाहिल्या, गुडघ्याचा फोटो काढायला लावला आणि रक्त बाहेरगावी तपासायला पाठवलं. चौथ्या दिवशी त्या कागद घेऊनच बाहेर आल्या. वऱ्हांड्यात सगळे होते. साहेबरावही फळांची पिशवी घेऊन भेटायला आले होते.

"हिच्या रक्तात शिसं आहे," त्या म्हणाल्या. "पाचच्या वर गेलं की आम्ही घरात काय आहे ते शोधायला लागतो. हिचं अठ्ठ्याहत्तर आहे. घरात कोण काय काम करतं?"

"मी एसटीत कंडक्टर," संगमेश्वर म्हणाला. "अप्पा बेअरिंगं ओततात."

"कशाची? शिशाची?"

रामलिंगनं तोंड उघडलं होतं. पण त्याच्या आधी शिवकन्या बोलली. "न्हाई वो मॅडम. मामा कथलाचं काम करतात. शिसं न्हाई आमच्याकडं."

तिचा काडीचा दोष नव्हता. जे घरात ऐकलं तेच ती सांगत होती. डॉक्टर रामलिंगकडं वळल्या. "नक्की? धातूत जरासुद्धा शिसं नाही?"

रामलिंगच्या समोर साहेबराव उभे होते. वीस वर्षं त्यांच्या मिलची इंजिनं त्यानं ओतली होती आणि प्रत्येक वेळी एक नंबर म्हणून सांगितलं होतं. आज हो म्हटलं तर उद्या सगळ्या बाजाराला कळणार. आणि पोरीचा नि दुकानाचा काय संबंध, ती तर दुकानात पायसुद्धा ठेवत नव्हती. फार तर आपल्या कपड्यांवरची धूळ घरात गेली असेल. उद्यापासून दुकानातच आंघोळ करून जाऊ, म्हणजे मिटलं. हा सगळा हिशेब एका श्वासात झाला.

"कथीलच, मॅडम," तो म्हणाला.

माणूस वाईट नव्हता. पण पंचवीस वर्षं जी गोष्ट बोलायची नाही, ती ऐन वेळी जिभेवर येत नाही. जीभही सवयीची गुलाम असते.

मग डॉक्टरांनी हळद, मसाला, रंगीत खेळणी, काजळ, सगळं विचारलं. काजळ म्हटल्याबरोबर पार्वतीबाईनं सुनेकडं पाहिलं. शिवकन्येची आई किल्लारीला घरीच काजळ पाडायची, त्यात बाजारातला सुरमा खलून घालायची आणि नातीला डबी भरून पाठवायची. डॉक्टर म्हणाल्या, सुरम्यात शिसं असू शकतं, डबी तपासायला आणा. पण संगमेश्वरनं संतापाच्या भरात घरी जाऊन ती डबी नाल्यात फेकून दिली. तपासणार काय? गुन्हा मात्र सिद्ध झाला.

"तुझ्या आईनं खाल्लं माझ्या नातीला," पार्वतीबाई दवाखान्यातच म्हणाली. शिवकन्येला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं. रामलिंग शेजारीच बसून होता, आणि त्यानं ते ऐकून घेतलं.

दहा-बारा दिवसांच्या औषधानं शिसं पंचविसाच्या घरात आलं. पोर हसायला लागली. एकदा तिनं आजोबाला ओळखून "आबा, चिक्की," अशी मागणीही केली. सोडताना डॉक्टरांनी शिवकन्येला समोर बसवलं. "घरात अजून काही असेल तर आपल्याला माहीत नाही. महिनाभर हिला उदगीरच्या घरात नेऊ नका, दुसरीकडं ठेवा. दूध, दही, ताक भरपूर द्या, हाडांतलं शिसं बाहेर येऊ नये म्हणून. आणि एक लक्षात ठेवा. पुन्हा शिसं वाढलं तर मेंदूला सूज येईल. त्या खेपेला जे जाईल ते परत येणार नाही."

दुसरीकडं म्हणजे माहेरी, किल्लारीला. पार्वतीबाईनं सुनेचं सामान भरलं ते धाडून दिल्यासारखंच भरलं. नवराही गाडीपर्यंत सोडायला आला नाही.

रामलिंग दुकानात आंघोळ करून घरी जायला लागला. दुकान झाडलं, धुतलं, कोपरे खरवडले. असं दोन-तीन आठवडे चाललं. एका रविवारी दुपारी कोपऱ्यातलं भंगार हलवताना साहेबरावांच्या त्या जुन्या बेअरिंगचे रिकामे अर्धगोल त्याच्या हाताला लागले. अस्तर वितळवल्यावर उरलेली ही पाठ, पितळेची, जड. त्यानं फडक्यानं तिची कड पुसली आणि हात तिथंच थांबला. कडेला पंचानं ठोकलेलं एक अक्षर होतं. रा. खाली वर्ष, २०११.

प्रत्येक ओतलेल्या बेअरिंगवर अशी खूण ठोकायची त्याचीच पद्धत होती, उद्या वाद नको म्हणून. निजामाच्या काळाचं अस्तर केव्हाच झिजून गेलं होतं. २०११ साली ते पुन्हा ओतलं होतं त्यानंच. दोन नंबरवालं. साहेबरावांना एक नंबर सांगून. आणि पुढं तो स्वतःच विसरून गेला होता.

त्यानं फळीवरचा डबा काढला. एक बारीक पट्टी कानाजवळ धरून हळूच वाकवली. कथील वाकवलं की आत बारीक कुरकुर होते. उस्ताद म्हणायचे, कथील रडतं. शिसं गप्प बसतं. पट्टी गप्प बसली. त्यानं ती वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ओढली. पेन्सिलीसारखी काळी रेघ उमटली. रात्रभरच्या आंबट ताकात हेच उतरत होतं. सगळं उदगीर ज्याला माल पारखायला विचारायचा, त्यानं घरातल्या पोटाला लावायच्या मालाला कान लावला नव्हता. स्वतःची थाप स्वतःच खरी मानून बसला होता.

तो तसाच घरी गेला. पार्वतीबाई मंदिरात गेली होती. त्यानं पातेलं, कळशी, वाट्या पोत्यात भरल्या, दुकानात आणल्या आणि घणानं चेपून टाकल्या. तिला सांगू, एकाला देऊन टाकली. एक मात्र बरं झालं, असं त्याला त्यातही वाटलं; कुणाला काही न सांगता निस्तरलं. मग त्यानं भांडी मोजली. तपेली नव्हती.

संध्याकाळी बायको आल्यावर त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ती शिवकन्यानं नेली न्हवं का," पार्वतीबाई म्हणाली. "पोरीला ताक पाजायचं म्हणून. अन् बाकीची भांडी कुटं गेली वो?"

रामलिंग मोबाइल घेऊन अंगणात आला आणि सुनेला फोन लावला. पोर बरी आहे, पण कालपासून पुन्हा पोट धरून बसते, असं शिवकन्या म्हणाली.

"ती पितळी तपेली वापरू नको," तो म्हणाला.

"का वो मामा?"

आता एकच शब्द बोलायचा होता. दोन अक्षरं. पलीकडं कुणी साहेबराव नव्हते, बाजार नव्हता. होती ती त्याच्यावर विश्वास ठेवणारी सून. तिला सांगायचं म्हणजे काजळाचा आळ आपण ऐकत बसलो हेही सांगायचं.

"जुनी हाय ती," तो म्हणाला. "कल्हई गेली असंल तिची. ठिवून दे बाजूला."

"न्हाई की, चकचकीत हाय. तुम्हीच केलीया न्हवं. मॅडम म्हणल्या लई ताक द्या, म्हणून मी दुसऱ्या भांड्याला हातच लावीना."

"तरीबी. परत दे ती. मी घेऊन जातो येऊन."

शिवकन्येचा आवाज बदलला. "मामा, आत्यांनी सांगितलं का फोन करायला? एवढी एक तपेली बी ठिवायची न्हाई का माझ्याकडं? माझ्या आईला बोल लावला, मला धाडून दिलं, आता भांडी मोजून राहिलाव." आणि तिनं फोन ठेवला.

रामलिंगनं पुन्हा फोन लावला नाही. प्रत्यक्ष जाऊनच आणू, असं त्यानं मनाशी ठरवलं. फोनवर कशाला, समोरासमोर बरं. सोमवारी तेलघाण्यावाल्याचं बेअरिंग द्यायचं होतं, ते दिलं. मंगळवारी निघायचं म्हणून कपडे घातले आणि काय सांगायचं ते सुचेना म्हणून पुन्हा बसून राहिला. बुधवारी दिवसभर त्याचं डोकं दुखलं, किंवा त्यानं दुखवून घेतलं. ज्याला बोलायचं नसतं त्याला शंभर कामं निघतात. गुरुवारी सकाळी तो पहिल्या गाडीनं निघाला.

किल्लारीत व्याह्यांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या सरजाबाई दळण पाखडत बसल्या होत्या.

"लेकराला पहाटंच झटके आले बगा," त्या म्हणाल्या. "थांबंनातच. लातूरला नेलंय."

लातूरच्या दवाखान्यात शिवकन्या आतल्या खोलीच्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती. संगमेश्वर ड्यूटीवरून निघाला होता, अजून पोचला नव्हता. तिची आई लांब एका बाकावर तोंडावर पदर घेऊन बसली होती. जवळ यायची तिची हिंमत नव्हती. रामलिंग सुनेसमोर खाली बसला, फरशीवरच.

"शिवकन्या," तो म्हणाला, "तुझ्या आईचं काजळ न्हवतं ते. तपेलीत शिसं हाय. सगळ्या भांड्यांत हुतं. मी लावलंय."

त्यानं पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तो शब्द घरच्या माणसाजवळ काढला. किती सोपा होता. शिवकन्या त्याच्याकडं पाहत राहिली. तिला आधी कळलंच नाही. मग ती सावकाश बोलली.

"दुकानात शिसं हुतं?"

"हाव."

"मॅडमनी विचारलं तवा बी?"

"हाव."

"अन् रविवारी फोन केला तवा तुमाला ठावं हुतं."

रामलिंगनं मान हलवली.

"चार दिस," ती म्हणाली. तिनं हाताची बोटं धरून मोजले, सोम, मंगळ, बुध, आणि आजची पहाट. "तुमच्यावर राग धरून मी तिला मुद्दाम त्याच तपेलीतून पाजलं मामा. रोज दोन येळा. प्यायची न्हाई म्हणत हुती, तर नाक दाबून पाजलं."

ती ओरडली नाही. ती उठली, बाकावर बसलेल्या आईपाशी गेली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मग पदर सारखा करून डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. रामलिंगला दारातून तिचा आवाज ऐकू येत होता. शिसं हा शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, स्वच्छ, मोठ्यानं, जाणारी-येणारी माणसं थांबून पाहतील इतक्या मोठ्यानं. बाहेर आल्यावर ती त्याच्यापाशी थांबली.

"घरी जावा," ती म्हणाली. "ती उठंल तवा तुमी तिला दिसायचं न्हाई."

तो गेला नाही. खालच्या मजल्यावर जिन्याखाली बसून राहिला. संगमेश्वर आला, त्याला पाहून तसाच वर गेला. पार्वतीबाई दुसऱ्या दिवशी आली. तिनं नवऱ्याला भाकरी आणून दिली, पण जवळ बसली नाही. साहेबराव एकदा येऊन गेले. त्यांनी इंजिनाचा विषयही काढला नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला, आणि रामलिंगला तो हात शिवीपेक्षा जड वाटला. ज्या अब्रूसाठी तो गप्प राहिला होता, तिच्याबद्दल कुणी विचारायलाही आलं नाही.

पाचव्या दिवशी अक्षरानं डोळे उघडले. शिवकन्या तिच्यावर वाकून कितीतरी वेळ हाका मारत होती. पोर छताकडं पाहत राहिली, आणि मग आईकडंही तिनं छताकडं पाहावं तसंच पाहिलं.